चिकू दिसला तर घाई करू नका

मेलबर्न, ११ फेब्रुवारी

ती. बाबांस व आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर आईला रडू आवरत नव्हतं, त्यामुळे धड काहीच बोलणं झालं नाही. म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. दादाला याची प्रत काढून द्या.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपला चिकू उडून गेला, पण तो रुसून गेलेला नाही, आणि हाक ऐकून आला नाही तर तो तुम्हाला विसरला असंही नाही. घरात वाढलेला कॉकटेल (चिकूसारखा, पोपटाच्या कुळातला तुरेवाला छोटा पक्षी) आयुष्यभर आडवा उडतो, पडद्यावरून कपाटावर आणि कपाटावरून खांद्यावर. चाळीस फुटांवरून तिरकं खाली कसं यायचं हे तो कधी शिकलेलाच नसतो. घाबरला की वर जाणं त्याला उपजत येतं, उतरणं येत नाही. फांदीवर बसून तो तुमच्याकडे बघून ओरडेल, पंख फडफडवेल आणि तिथेच बसून राहील. अशा वेळी झाडाच्या बुंध्याशी उभं राहून "ये रे, ये रे" करण्यात काही अर्थ नाही. झाड चाळीस फूट असेल तर साठ-सत्तर फूट लांब जा, म्हणजे उताराचा कोन कमी होतो. त्याहून चांगलं म्हणजे शेजारच्या इमारतीची गच्ची, त्याच्या उंचीची किंवा थोडी खाली. आपल्या समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली आजच मागून ठेवा.

शोधायचं डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त. गुलमोहरात किंवा पर्जन्यवृक्षात राखाडी पक्षी दिसत नाही. इथे ऑस्ट्रेलियात कॉकटेल रानात असतात. ते दाणे जमिनीवर टिपतात आणि बसायला मात्र वाळक्या झाडाच्या उघड्या शेंड्याच्या फांद्या निवडतात. म्हणून दाट पानांत शिरण्याआधी शेंडे, वाळलेल्या फांद्या, डिशच्या छत्र्या, विजेच्या तारा आणि पाण्याच्या टाक्यांचे कठडे बघा. आणि खाली मोकळ्या प्लॉटमधलं वाळलेलं गवतही, कारण भूक लागली की तो तिथेच उतरेल.

वेळ दोनच. पहिली, उजाडायच्या आधीपासून साडेनऊपर्यंत. सध्या सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेसहाला गच्चीवर हजर असायला हवं. गाड्यांचा आवाज सुरू झाला की त्याची शीळ ऐकू येत नाही. दुसरी, संध्याकाळी साडेचारपासून अंधार पडेपर्यंत. दुपारी पक्षी गप्प बसतात, तेव्हा उन्हात फिरून दमू नका, बाबा. ती वेळ पोस्टरना द्या.

हाक म्हणजे तुमची रोजची शीळ आणि स्टीलच्या वाटीत दाणे खडखडवल्याचा आवाज. अर्धा मिनिट हाक, मग दोन मिनिटं पूर्ण शांतता. बहुतेक जण इथेच चुकतात: सतत ओरडत राहतात आणि त्याने दिलेलं उत्तर त्यांच्याच आवाजात बुडून जातं. पहिल्या दिवशी तो भीतीने गप्प बसला असेल, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून तो भाग सोडून देऊ नका. त्याच जागी संध्याकाळी पुन्हा या.

सगळ्यात मोठी मदत त्याच्या जोडीदारणीची, मिनीची. तिला प्रवासाच्या छोट्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर ठेवा. तीन बाजूंनी जुनी चादर गुंडाळा, वरून सावली असू द्या, आणि तिला एक मिनिटही एकटं सोडू नका. घारी आणि कावळे आहेत, मांजरं आहेत, शिक्रा तर पिंजऱ्याच्या जाळीवरही झडप घालतो. तिच्या शेजारी चिकूचा मोठा पिंजरा दार उघडं ठेवून मांडा. पिंजऱ्याच्या टपावर राळ्याचं कणीस (दुकानदार त्याला कांगणी म्हणतात) आणि आत त्याची नेहमीची दाण्याची वाटी. पिंजरा धुऊन लखलखीत करू नका, तो त्याला ओळखीचा दिसायला हवा. मिनीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून स्पीकरवर लावायचा असेल तर स्पीकर पिंजऱ्याजवळच ठेवा, कारण तो आवाजाकडे येतो.

सरकतं दार काडीने वर अडकवा, काडीला पंधरा फूट सुतळी बांधा आणि आधी दहा वेळा ओढून बघा. सुतळी गजात अडकली की दार अर्ध्यावर थांबतं आणि पक्षी दुसऱ्यांदा आत येत नाही. तो आत शिरताक्षणी ओढू नका. तीन-चार दाणे सोलून खाऊ दे, मान खाली घालून खाण्यात गुंतला की मगच.

कधी पुढे सरकायचं आणि कधी थांबायचं हे त्याचा तुरा सांगतो. तुरा ताठ उभा, मान लांब आणि अंग काडीसारखं बारीक झालं की तो उडायच्या बेतात आहे. जागीच थांबा, नजर दुसरीकडे वळवा, खाली बसलात तरी चालेल. तुरा मागे झुकून टोक जरा वर राहिलं, अंग फुगलं, चोच किरकिरायला लागली की तो निवांत आहे. मग एक पाऊल. हात पुढे करू नका. कणीस पुढे करा, आणि त्याला चढायला रोजची लाकडी दांडी.

पोरांचा घोळका, लांब काठी, पाण्याचा पाइप हे सगळं बंद. भिजवून पाडतात म्हणे, पण अर्धवट भिजलेला पक्षी कावळ्यांच्या तावडीत जातो. झाडावर चढायचं असेल तर फक्त एकाच कारणासाठी: तो मांजात अडकला असेल तर. संक्रांतीचा नायलॉन मांजा फेब्रुवारीतही फांद्यांना लोंबत असतो. तसं दिसलं तर स्वतः ओढू नका, पाय तुटतो. १०१ ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवा.

अंधार पडताना तो कुठल्या फांदीवर बसला ते दिसलं तर जागा नीट लक्षात ठेवा, खालून फोटो काढा. शिडी पुरेल इतक्या खाली असेल तरच रात्री हात घाला, आणि तेही दादाने. टॉर्च क्षणभर लावायचा, जागा बघायची, बंद करायचा आणि पातळ पंचा टाकून धरायचं. चुकलं तर कॉकटेल अंधारात वेडावाकडा उडून भिंतीवर आदळतो. शंका असेल तर राहू द्या आणि पहाटे साडेपाचला त्याच झाडाखाली या.

धरताना छातीवर दाब देऊ नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास जातो. नीट धरतोय म्हणून घट्ट आवळलं की तो हातातच गुदमरतो. मान दोन बोटांत सैल, पंख पंच्यात, बस्स.

आता पोस्टर. बरेच पाळीव पक्षी झाडावरून उतरवून नाही, तर भुकेने कोणाच्या तरी बाल्कनीत उतरल्यावर सापडतात. ज्याला सापडला त्याला आपला नंबर माहीत असला पाहिजे. "कॉकटेल हरवला" एवढंच लिहू नका. आपल्याकडे लोक कुठल्याही रंगीत पाखराला लव्हबर्ड नाहीतर पोपट म्हणतात. असं लिहा: "राखाडी अंग, पिवळं डोकं, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका, पंखावर पांढरा पट्टा, कबुतरापेक्षा लहान." खाली ठळक: "पकडू नका. फोटो काढा, लगेच फोन करा." पायातल्या कडीचा नंबर मात्र छापू नका. कोणी "सापडलाय, आधी पैसे पाठवा" म्हणालं तर तोच नंबर विचारा.

पहिल्या दिवशी घराभोवती एक किलोमीटर, मग वारा ज्या दिशेला होता तिकडे तीन. कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर आणि गोदापार्कला सकाळी फिरणारे लोक, दूधवाले, पेपरवाले, वॉचमन, माळी, इस्त्रीवाले: पहाटे जागी असणारी माणसं हीच. गंगापूर, मखमलाबादकडच्या द्राक्षबागांतही सांगून ठेवा. बागा आता काढणीला आल्या आहेत, राखणदारांची नजर पाखरांवरच असते, आणि जिथे जाळी लावली असेल तिथे पाखरू अडकू शकतं. पक्षी विकणाऱ्या दुकानांत रोज एक फेरी हवीच. कोणी विकायला आणलं तर तिथेच येणार. पंधरा दिवसांनी, महिन्यानेसुद्धा पक्षी परत मिळतात, तेव्हा चौथ्या दिवशी पोस्टर फाटलं असेल तर नवं लावा.

मिळाला की लगेच सगळ्यांनी भोवती जमू नका. शांत खोली, अर्धा पिंजरा झाकलेला, बाहेरून एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, म्हणजे गार वाटलं तर तो तिकडे सरकेल. आधी पाणी, मग थोडे थोडे दाणे. चोचीत बळजबरीने काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. क्रोसिनसारखी आपली औषधं अजिबात नकोत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, धडधाकट कॉकटेल साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम भरतो. मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत जीव जातो आणि वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर वाचतो. सगळे जनावरांचे डॉक्टर पक्षी बघत नाहीत, तेव्हा आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा. मिनीपासून काही दिवस वेगळा ठेवा, पण तिला दिसेल असा.

आई, तू मिनीच्या दाण्याकडे लक्ष दे. जोडीदार नसला की खाणं कमी होतं. तिचं वजनही रोज सकाळी लिहून ठेव.

तुमचे सकाळचे साडेसहा म्हणजे माझे दुपारचे बारा. मी फोन जवळ घेऊन बसते आहे. बाबा, गच्चीवर गेलात की व्हिडिओ कॉल लावा आणि फोन कठड्यावर ठेवा. दोन मिनिटं तुम्ही गप्प राहाल तेव्हा मीही कान देऊन ऐकेन.

तुमची,
सुमी