शेजारच्या सीटवरचा माणूस

भुसावळ,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीन दिवस ड्यूटीच्या बॅगेत घेऊन फिरलो. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आम्हा गाडी चालवणाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, दोनदा वाचलं. आध्यात्मिक मार्गदर्शक शोधायचा म्हणजे शेजारच्या काकूंनी गुरू केला होता तसंच का, असं तू विचारलंयस. हसू नकोस, मीही तसंच काहीतरी शोधत होतो.

आई गेल्यानंतरचं वर्ष तुला माहीत आहे. जपमाळ हातात घ्यायचो आणि दुसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे माळेच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, झोप. लिंकमुळे, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकामुळे, चर्चमधली रविवारची मिस्सा महिन्यातून दोनदा मिळाली तर नशीब. वाटलं, कुणीतरी मोठा माणूस गाठावा आणि विचारावं, नोकरी सोडून मिशनच्या कामाला लागू का? त्यानं हो किंवा नाही सांगावं, आपण मोकळं.

असा एक माणूस भेटलाही. कोण, कुठले, ते सोड. पहिल्या भेटीत नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सांगितली, ती संपल्यावर दुसरी. पुढे सुट्टी कधी घ्यायची, भावाशी काय बोलायचं, सगळं तेच ठरवू लागले. मला बरं वाटत होतं रे, ओझं उतरत होतं. चार महिन्यांनी लक्षात आलं की प्रार्थनेला बसलो तरी मी देवाशी बोलतच नाही, ‘हे त्यांना कसं सांगायचं’ याचीच जुळवाजुळव करतोय. मग जाणं बंद केलं. वर्षभर त्याचीही टोचणी लागली. नंतर कळलं, स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेजेनं, ती जोगीणच, सोळाव्या शतकातच लिहून ठेवलंय की अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी तिच्या जिवाचं फार नुकसान केलं, पुरत्या शिकलेल्यानं कधी फसवलं नाही. म्हणजे आपण काही पहिले नाही.

आता सिस्टरांबद्दल, म्हणजे ज्या जोगिणीकडे मी हल्ली मार्गदर्शनाला जातो त्यांच्याबद्दल. मूळच्या केरळच्या, पण आयुष्य शहाद्याकडे दवाखान्यात गेलं, त्यामुळे अहिराणी आपल्यापेक्षा फर्मास. दारात गेलं की ‘कसं काय शे भाऊ?’ आता जळगावात असतात, पॅसेंजरनं अर्धा तास. महिन्यातून एकदा तासभर बसतो. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ‘पाप फादरांकडे घेऊन जा, माझ्याकडे प्रार्थना घेऊन ये.’ मला हे माहीतच नव्हतं. पापनिवेदन हा संस्कार, तो धर्मगुरूकडेच. मार्गदर्शन मात्र सिस्टर करू शकते, प्रपंचातला एखादा जाणता माणूसही करू शकतो.

मी नोकरीचा प्रश्न टाकला. त्या गप्प. मग म्हणाल्या, ‘हा विचार कधी येतो? आल्यावर कसं वाटतं? आणि गेल्यावर?’ झालं, एवढंच! मी थोडा चिडूनच परतलो. एवढ्यासाठी जळगावला यायचं?

पण तो प्रश्न बघ कुठून आलाय. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोला घरी पडून होता; हा शिपाईगडी पुढे संत झाला, येशूसंघ त्यानंच काढला. वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, मिळाली ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. त्याच्या ध्यानात आलं की दरबार, तलवार, बाईसाहेब यांची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचं मनात आणलं की ते सरल्यावरही आनंद मागे राहतो. मागे काय उरतं, यावरून विचार कुठला ते ओळखायचं. त्याची ती सगळी साधना पुढे पुस्तकात आली आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. मी रोज रात्री करतो तो दिवसाचा आढावाही त्यातलाच. आधी आभार, मग दिवस पुन्हा डोळ्यांसमोरून न्यायचा, कुठे चुकलो ते बघायचं, उद्याचं मागायचं. रनिंग रूमच्या कॉटवर दहा मिनिटं पुरतात. शेजारी कुणी घोरत असेल तर पंधरा.

दोन महिने आढावा घेतल्यावर दिसलं, नोकरी सोडायचा विचार फक्त सलग नाइट झाल्यावर येतो, आणि मागे राग ठेवून जातो. मिशनचं काम त्यात कुठेच नव्हतं, नुसती पळवाट होती. सिस्टरांनी इग्नेशियसचाच एक नियम सांगितला: मन कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. राजीनाम्याचा कागद अजून कपाटात आहे, वहिनीला सांगू नकोस.

तुला आमच्या कामातलं सांगतो म्हणजे कळेल. सिग्नल दिसला की मी तो मोठ्यानं म्हणतो, असिस्टंट तोच परत म्हणतो. पिवळा दोघांनाही दिसतोय, मग ओरडायचं कशाला? कारण आठ तासांनंतर माणूस उघड्या डोळ्यांनी बघायचा थांबतो. ब्रेक माझ्याच हातात असतो. आणि सिग्नल आम्हा दोघांपैकी कुणीच देत नाही, तो तिसरीकडून येतो. सिस्टर शेजारच्या सीटवर आहेत, पवित्र आत्म्याच्या जागेवर नाहीत. सुरुवातीला भेटलेले ते गृहस्थ चालवायलाच बसले होते, एवढीच त्यांची चूक.

तू पुण्यात आहेस, तुला पर्याय भरपूर. येशूसंघीय फादर आहेत, सिस्टर आहेत. एखादी तपसाधना (काही दिवसांचं प्रार्थना-शिबिर) कर, तिथे बोलताना कुणाशी जुळतं का बघ. तीन-चार भेटींनंतर नाही जुळलं तर आभार मानून थांब, त्यात पाप नाही. माझ्यासारखा वर्षभर कुढू नकोस. आणि मला मार्गदर्शक करू नकोस! मी तुझी बाजू घेणार, मग काय उपयोग?

गेल्या महिन्यात मी स्वतःच भेट चुकवली. ड्यूटी होती असं कळवलं, पण ड्यूटी नव्हती. येत्या गुरुवारी हे आधी सांगायचंय, त्याआधी फादरांकडे.

थंडी पडलीय, भरताची वांगी बाजारात आलीत. नाताळला येशील तर कळण्याची भाकरी करायला लावतो.

तुझाच,
भुसावळचा दोस्त