मे महिन्यात जाऊन बघ

मानपाडा, ठाणे (प.)

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बाबा बोलत होते तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले. त्यांचं मत ठाम आहे, वाळवंटात माणसं फिरायला जातात, राहायला नाही. राजस्थानातल्या भडल्याची नोकरी घ्यायचं तुझंही जवळजवळ ठरलंय, फक्त आमच्या तोंडून 'जा' ऐकायचंय, हे आवाजावरून कळलं. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. फोनवर ते सांगायला गेलं की बाबा मधे बोलतात, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या बाजूचं. भडल्याचं काम साधं नाही, हे मलाही कळतं. २,२४५ मेगावॉटचा सोलर पार्क, ५७ चौरस किलोमीटरच्या आसपास जागा. येऊर धरून आपलं अख्खं बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर, त्याच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर नुसती पॅनेलं. पुण्यात एसीत बसून तू स्क्रीनवर जे आखतेस, ते तिथे डोळ्यांसमोर चालताना दिसेल, बिघडताना दिसेल. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं नसतं, पॅनेल तापलं की उत्पादन घसरतं, हे तूच मला समजावलं होतंस. हे असलं शिक्षण पुण्यात मिळायचं नाही. शिवाय साइटवर जेवणाखाण्याची सोय, सुट्टीला जोधपूर, तिथे एम्स आहे, आणि बोरिवलीहून सूर्यनगरी एक्सप्रेस पकडली की रात्रभराचा प्रवास. खर्चही कमीच होईल. एवढं सगळं मान्य.

आता बाबांचा मुद्दा, 'तिथे पाणी नाही'. मुक्ता, माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर गेली, त्यामुळे घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या गावाला हे म्हटलेलं मला ऐकवत नाही. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की सोसायटीच्या गेटवर टँकरची रांग लागते. ठाणे शहराला स्वतःचं धरण नाही. नवी मुंबईकडे मोरबे तरी आहे. आणि भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरण डोळ्यांसमोर आणि हंडा रिकामा. तेव्हा पाऊस पडला म्हणजे नळाला पाणी आलं, असं निदान आपण तरी समजू नये.

जैसलमेरकडे वर्षभरात दोनशे मिलिमीटर पडला तरी बरा म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे त्यांची चार-पाच वर्षं आपल्या एका दिवसात. तरी तिथली गावं टिकली, कारण थेंबाचा हिशोब ठेवला. त्यांच्याकडे टांका असतो, अंगणात जमिनीखाली बांधलेली गोल टाकी. तिच्याभोवतीची जमीन टाकीकडे उतार देऊन चोपून घट्ट केलेली. तिला आगोर म्हणतात. पावसाच्या आधी ती झाडून घ्यायची, तिथे चपला घालून जायचं नाही, गुरं फिरकू द्यायची नाहीत. पडलेलं पाणी वाहत टाक्यात जातं आणि तोंडावर झाकण, पुष्कळदा त्याला कुलूप. मला त्या कुलपाचं फार अप्रूप आहे. आमच्या कचेरीत गळक्या व्हॉल्व्हची तक्रार आठवडा आठवडा टेबलावर पडून राहायची.

पण म्हणून त्यांचं कौतुक करत बसू नकोस, तुला टांक्यावर जगायचं नाहीये. आज जोधपूर जगतं ते कालव्यावर. इंदिरा गांधी कालवा पंजाबात हरिकेला निघतो, सतलज-बियासचं पाणी घेऊन, आणि त्यातून उचललेलं पाणी जोधपूरपर्यंत येतं. दर वर्षी मार्च-एप्रिलपासून मेपर्यंत कालव्याच्या दुरुस्तीसाठी नहरबंदी असते. त्या दिवसांत शहराचं पाणी साठ्यावर आणि दिवसाआड. आपल्या शुक्रवारच्या शटडाउनला तू किती वैतागायचीस ते आठव. तिथे ऐन उन्हाळ्यातच हे चालतं. कालव्यापासून लांब गेलीस की बोअरचं पाणी, ते बऱ्याच ठिकाणी खारं आणि फ्लोराइडवालं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की वर्षानुवर्षं पिणाऱ्यांचे दात डागाळतात, पुढे हाडं धरतात. तू दोन-तीन वर्षांसाठी जाशील, तुला आरओ मिळेल. तिथल्या बाईला काय मिळतं, तेही डोळे उघडे ठेवून बघ.

आता ऊन. फलोदीचं नाव तू पत्त्यात लिहिणार आहेस म्हणून सांगते. १९ मे २०१६ ला तिथे ५१ अंश नोंदले गेले, भारतातलं आजवरचं सर्वाधिक. बाबा हाच आकडा धरून बसलेत. मला आकड्यापेक्षा कोरड्या हवेची धास्ती जास्त वाटते. ठाण्यात ३५ अंशाला आपण घामाने निथळतो, जीव नकोसा होतो, पण निदान कळतं तरी. तिथे घाम येता येता सुकतो. अंग कोरडं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला काही होत नाहीये, आणि आतून पाणी, मीठ निघून चाललेलं असतं. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. लहानपणी तुझा दर उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, ते मी विसरलेले नाही.

त्याच कोरडेपणाचा एक फायदा आहे, तो बाबांना ठाऊक नाही. आपल्याकडे कूलर म्हणजे ओलाव्यात आणखी ओलावा. तिथे मे महिन्यात तोच कूलर खोली खरोखर गार करतो, कारण हवा पाणी पटकन पिऊन टाकते. पण म्हणजे नहरबंदीतच कूलरलाही पाणी हवं. आणि ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की तो कूलरही आपल्यासारखाच निकामी.

आंधी, धूळ, डिसेंबरच्या रात्री पडणारी कडाक्याची थंडी, यात मी फार शिरत नाही. माणसाला सवय होते. जेवणाचंही तेच. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी तुला परकी नाही, केर-सांगरीची भाजी तर मलाही चाखायचीय.

एकटी मुलगी म्हणून बाबांना वाटते ती काळजी मलाही आहे, फक्त मी ती वेगळ्या प्रश्नांत विचारते. साइटवर आणखी बायका किती? रात्रपाळीनंतर गाडीने कोण सोडतं, आणि गाडी नाही आली तर कुणाला फोन करायचा? तिथे बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह किती अंतरावर आहे? हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नकोस. तिथवर जावं लागू नये म्हणून बायका पाणी प्यायचं टाळतात आणि अशा उन्हात तेच अंगावर येतं. हे प्रश्न एचआरला विचारण्यापेक्षा तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीला विचार.

आणखी एक, जे तुझ्या ऑफर लेटरमध्ये नसणार. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली खेजडीची झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला, अमृतादेवींपासून सुरुवात झाली. आज त्याच पट्ट्यात सोलरसाठी खेजडी तोडल्या जातात म्हणून लोक धरणं धरतात. आणि तिकडचा गोडावण म्हणजे आपला माळढोक, तो विजेच्या तारांवर आपटून मरतो म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. पॅनेलं पुसायला पाण्याऐवजी कोरड्या ब्रशचे रोबो वापरतात हे तू सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. मग झाडांचं काय करतात, हेही विचार. उत्तर न आवडणारं असलं तर नोकरी सोड असं मी म्हणत नाही, पण उत्तर माहीत असताना जा.

आता माझं म्हणणं. कंपनी तुला नोव्हेंबरमध्ये रुजू व्हायला सांगते आणि त्याआधी ऑक्टोबरअखेर साइट दाखवायला नेणार आहे. त्या दिवसांत मारवाड स्वर्ग असतो. कोवळी थंडी, निळं आकाश. तुला आवडणारच. आमच्या टेबलावर एप्रिलमध्ये भांडायला येणारे निम्मे लोक दिवाळीत सॅम्पल फ्लॅट बघून घर घेतलेले असायचे. पाणी किती तास येतं हे विचारलं होतं का, असं म्हटलं की गप्प. म्हणून तू सही करायच्या आधी मेच्या मध्याला, नहरबंदी उठायच्या आत, स्वतःच्या खर्चाने जा. जोधपूरला राहा, तिथून एक दिवस फलोदीला बसने जा, दुपारी दोनला पाच मिनिटं उघड्यावर उभी राहा. खोली भाड्याने बघताना खाली टाकी किती लिटरची, टँकर मागवला तर पैसे कोण भरतं, कूलरला वेगळं पाणी मिळतं का, हे घरमालकाला नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचार. त्यानंतरही जावंसं वाटलं तर बाबांशी मी बोलेन, आणि ते ऐकतील.

नाही वाटलं, तर पुण्यातली नोकरी आहेच, कुणी काही म्हणणार नाही. शेजारचे म्हणतील, त्यांना म्हणू दे.

सूर्यनगरीचं मेचं बुकिंग लवकर भरतं, सुट्टीला गावी जाणारे मारवाडी लोक खूप असतात. रजा टाकलीस की तारीख कळव. बाबा बरोबर येतो म्हणतात. त्यांना नेलंस तरी चालेल, निदान आकडा सोडून बाकीचं दिसेल त्यांना.

तुझी,
आई

ता. क. परत येताना खोलीतल्या नळाचं आणि साइटवरच्या पिण्याचं पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटल्यांत वेगवेगळं भरून आण, बाटल्यांवर जागा आणि तारीख लिही. इथे तपासून घेऊ.