वाडीतल्या काकांना

काका,

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून सगळ्यांसमोर लिहिते आहे. समोर आले की तुम्ही 'आभार कसले' म्हणता आणि बोलणं केळीच्या घडांवर नेता.

जानेवारीत आई गेली. 18 फेब्रुवारीला भस्म बुधवार आला, ईस्टरआधीच्या आपल्या उपासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख घेऊन घरी परतताना धाकट्याने विचारलं, "आजीची पण माती झाली का?" धर्मशिक्षणाच्या वर्गातलं उत्तर मला येत होतं, पण तोंडून निघेना. तुम्ही कुंपणापलीकडे माडाला आळं करत होता. "शनिवारी पाठव दोघांना," एवढंच म्हणालात. पहिल्या शनिवारी मी मुलांना सोबत म्हणून आले, पुढच्या शनिवारी माझ्यासाठी.

चित्रांच्या पुस्तकांतला ईस्टर बर्फ वितळल्यावर येतो. आपल्या वसईत तो येतो तेव्हा ऊन तापलेलं असतं आणि बावखलाचं, वाडीतल्या तळ्याचं, पाणी खाली गेलेलं असतं. वसंत दाखवायला तुम्ही मुलांना थेट पांगाऱ्याखाली नेलंत. झाडावर पान नाही, नुसती लालभडक फुलं, आणि त्यांवर शिंजीर नि मैनांची झुंबड. थोरली म्हणाली, "याने पानांचा उपास धरलाय." तुम्ही हसला नाहीत. "हो, पण सण आधीच सुरू केलाय," म्हणालात. आजूबाजूची बावखलं बुजत गेली, तुम्ही तुमचं राखलंत, त्याचेही आभार इथेच मानते.

पण माझ्या घरात काही बदललं असेल तर ते करवंटीतल्या गव्हाने. तुम्ही मुलांना मूठभर दाणे पेरायला लावलेत आणि दर दोन दिवसांनी एक उकरून बघायला सांगितलंत. पहिल्याला पांढरी मुळं फुटली होती. नंतरचा चिमटीत दाबला तर आतून दुधासारखा पातळ रस आला. शेवटी हाती लागलं ते नुसतं टरफल, आणि वर पात वीतभर हिरवी. धाकटा ते टरफल तळहातावर घेऊन बराच वेळ बसला. "याने सगळं पीठ पातीला देऊन टाकलं," म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानातला, मरून पीक देणारा गव्हाचा दाणा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. उकरून कधी पाहिला नव्हता. त्या रात्री त्याने ते टरफल आईच्या फोटोपुढे ठेवलं. अजून तिथेच आहे.

आणि 2 एप्रिलची रात्र. यंदा हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार, येशूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस, एकाच दिवशी आले. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, हे मी नुसतं पाठ केलेलं. चर्चमधली मिस्सा संपल्यावर तुम्ही मुलांना माडांखाली उभं केलंत आणि म्हणालात, "यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेलाच यायचा. गेथशेमनीच्या बागेत येशू रात्री प्रार्थना करत होता तेव्हा वर असाच चंद्र होता." दोघंही गप्प झाली. मीही.

ईस्टरच्या आदल्या रात्री, शनिवारच्या जागरणात, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या मेणबत्तीचं स्तुतिगीत सुरू झालं. त्यात मधमाश्यांचा उल्लेख आला तसा थोरलीने माझा हात घट्ट दाबला. तुमच्या जांभळाच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या मधमाश्यांची ती वहीत नोंद ठेवत होती.

ईस्टरच्या दुपारी आम्ही घरी मग्दालिया मरियेची गोष्ट वाचली. कबरीपाशी रडत असताना तिला उठलेला येशू ओळखू आला नाही, तो बागेचा माळी वाटला. धाकट्याने मला मध्येच थांबवलं. "म्हणजे काकांसारखा दिसत होता?"

मी हो म्हटलं.

करवंटीतली पात आता पिवळी पडायला लागली आहे. तिला ओंबी धरेल का, असं तो रोज विचारतो. शनिवारी करवंटी घेऊन येतो, तुम्हीच बघा.

तुमची,
कुंपणापलीकडची शेजारीण