यकृताची पेशी आपलं काम सोडते तेव्हा

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. साखर पूर्ण बंद केली तर दादाच्या लिव्हरमधली गाठ उपाशी मरेल का, असं वहिनींनी विचारलंय. नाही मरणार. उलट दादाच खंगेल. पण नुसत्या 'नाही'ने त्यांचं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

यकृताची निरोगी पेशी सगळ्या शरीरासाठी राबते. जेवणानंतर रक्तातली साखर साठवते, पोट रिकामं असलं की तीच परत सोडते, नवी साखरही तयार करते, अमोनियाचं युरिया करते. कॅन्सर होताना ही कामं एकेक करून सुटत जातात. नवी साखर घडवायला लागणारं एफबीपी-१ हे एन्झाइम अनेक गाठींमध्ये खूप कमी होतं. ग्लुकोजला पेशीत पकडणाऱ्या ग्लुकोकायनेज या एन्झाइमच्या जागी हेक्झोकायनेज-२ येतं आणि ते साखर थोडी असली तरी पकडून ठेवतं. देणारी पेशी घेणारी होते. हा आजार पसरतो कसा, हे मला इथूनच समजायला लागलं.

१९२० च्या दशकात ऑटो वॉरबुर्ग यांनी दाखवलं की ऑक्सिजन असतानाही कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, त्याचं लॅक्टेट करतात. त्यातून एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, २ च रेणू मिळतात. पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास मिळतात. पेशीचं श्वसनच बिघडलंय, असं त्यांना वाटलं होतं. पुढे कळलं की बहुतेक गाठींत ते चालूच असतं. वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल हवा असतो, नव्या डीएनएसाठी, नव्या आवरणांसाठी. ग्लुकोज अर्ध्या वाटेवर वळवलं की तो मिळतो.

बाहेर टाकलेलं लॅक्टेट आणि आम्लही गाठीच्या पथ्यावर पडतं. आजूबाजूचा भाग आम्लधर्मी झाला की रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात आणि पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवणारी एन्झाइम जोर धरतात. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ नावाचं प्रथिन जागं होतं. तेच पेशीला जास्त साखर ओढायला लावतं आणि तेच जागा सोडून सरकायलाही लावतं. भूक आणि भटकणं यांची चावी एकच! यकृतात तर पोर्टल शिरेच्या, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या, फांद्या शेजारीच असतात. म्हणून हा कॅन्सर बऱ्याचदा आधी यकृतातच इकडेतिकडे पसरतो, आणि बाहेर पडला तर सर्वांत जास्त वेळा फुप्फुसात जातो.

आता दादाचा पेट स्कॅन. तू लिहितोस, गाठ फारशी चमकली नाही, म्हणजे स्कॅन चुकला का? तसंच असेल असं नाही. या तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज देतात. पेशी त्याला फॉस्फेट चिकटवून आत अडकवते. पण यकृताच्या पेशीशी अजून साम्य राखून असलेल्या गाठीत ते फॉस्फेट काढणारं एन्झाइम शिल्लक असतं, त्यामुळे खूण बाहेर निसटते. जी गाठ आपलं मूळ रूप विसरलेली असते ती जास्त चमकते, आणि तीच बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेली असण्याची शक्यताही जास्त. म्हणून न चमकणं हे वाईटच लक्षण आहे असं धरू नकोस. पण एवढ्यावर निर्धास्तही होऊ नकोस. यकृतासाठी रंगद्रव्य देऊन केलेला सीटी किंवा एमआरआय जास्त महत्त्वाचा.

साखरेचं म्हणशील, तर दादाने ती खाल्ली नाही तरी शरीर रक्तातलं ग्लुकोज टिकवणारच, गरज पडली तर स्नायू मोडून. शिवाय गाठ ग्लुटामिन या अमिनो आम्लावर आणि चरबीवरही जगू शकते. अनेक यकृतगाठींना अर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, म्हणून रक्तातून ते काढून टाकणारं औषधही करून पाहिलं. मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. इतकी नेमकी उपासमार जिथे पुरली नाही, तिथे चहातली साखर सोडून काय होणार?

दादाला सिरॉसिस आहे, म्हणजे त्याचं यकृत व्रण साचून कडक झालंय, आणि त्यात स्नायू फार लवकर झडतात. त्याला पुरेशी प्रथिनं हवीत, आणि रात्रभराचा उपास लांबू नये म्हणून झोपण्याआधी थोडं खाणंही. मधुमेह असेल तर साखरेचं पथ्य त्या कारणासाठी पाळायचं, ते वेगळं. वहिनींना सांग, आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्याच्या ताटातलं काहीही कमी करू नका.

सीटीचा रिपोर्ट आला की मला पाठव. पोर्टल शिरेबद्दल त्यात काय लिहिलंय ते आधी बघू, मग डॉक्टरांना काय विचारायचं ते मिळून ठरवू.

तुझा,
अनिरुद्ध