बाबा, स्वतःचं ऑफिस का काढत नाही ते सांगते

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुमचा प्रश्न अर्धाच राहिला. कॉलेज ॲडमिशनचा सल्ला देणारे लोक इथे एकेका मुलामागे हजारो डॉलर घेतात, मग तू सरकारी शाळेत कौन्सेलर म्हणून, मुलांना हाच सल्ला देत, पगारावर कशाला बसली आहेस, असं तुम्ही विचारलंत. मी आयटी सोडली तेव्हाही तुम्हाला काळजी वाटत होती, बोलून दाखवली नाहीत एवढंच. म्हणून आज सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

माझ्या शाळेतली बरीच मुलं द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांची आहेत. फ्रेस्नोचा हा भाग आपल्या तासगावसारखाच बेदाण्याचा. आपल्याकडे शेडमध्ये जाळीवर सुकवतात. इथे अजूनही बऱ्याच मळ्यांत ऑगस्ट-सप्टेंबरात वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद पसरून घड उन्हात घालतात. दिवसभर वाकून करायचं हे काम बहुतेक मेक्सिकोहून आलेली माणसं करतात. शाळेत मोंग कुटुंबांतली मुलं आहेत, ज्यांचे आजी-आजोबा लाओसमधल्या युद्धानंतर निर्वासित म्हणून आले. पंजाबी मुलंही आहेत. त्यांच्या आया भेटायला येतात तेव्हा मी सरळ हिंदीत बोलते, आणि इंग्रजीत न विचारलेले सगळे प्रश्न मग त्या विचारतात.

तुम्हाला वाटतं, बारावीत अर्ज भरायची वेळ आली की माझं काम सुरू होतं. ते नववीत सुरू होतं. कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सरकारी विद्यापीठ-समूहांत (यूसी आणि कॅल स्टेट) थेट प्रवेश हवा, तर हायस्कूलच्या चार वर्षांत वर्षभराचे ठरावीक १५ विषय पुरे करावे लागतात आणि त्यांत किमान ‘सी’ ग्रेड लागते. मुलं इथेच अडकतात. ‘डी’ मिळाली तरी शाळेच्या लेखी मूल पास असतं. घरी कुणी काही म्हणत नाही, कारण पास म्हणजे पास. विद्यापीठ मात्र तो विषय धरत नाही. ज्या घरातून कुणीच कधी कॉलेजात गेलेलं नाही, तिथे हे सांगणार कोण? बारावीत कळून फारसा उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक सेमिस्टर संपलं की मी नववी-दहावीच्या ग्रेड घेऊन बसते, ‘डी’ शोधून काढते, त्या मुलाला बोलावते आणि उन्हाळी वर्गात तो विषय पुन्हा घ्यायला लावते. बाबा, स्कॉलरशिपच्या परीक्षेला कोण बसू शकेल हे तुम्ही वर्गात आधीच हेरून ठेवायचात, तेच हे काम. कुणाच्या नजरेत भरत नाही, पण माझ्या मते कौन्सेलरचं सगळ्यांत मोठं काम हेच आहे.

आमच्या व्यवसायाची संघटना म्हणते, एका कौन्सेलरकडे २५० पेक्षा जास्त मुलं नसावीत. २०२३-२४ मध्ये देशाची सरासरी ३७६ होती. पैसे देऊन सल्लागार ठेवणाऱ्या घरातलं मूल या गर्दीत असलं तरी हरवत नाही. त्याच्यासाठी घरी विचारणारं, शोधणारं कुणीतरी असतंच. माझी मुलं हरवतात.

आई, आता तुझ्यासाठी एका मुलीचं सांगते. वडील बेदाण्याच्या कामावर, मुलगी अतिशय हुशार. तिला डेव्हिसच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. फ्रेस्नोपासून गाडीने साधारण तीन तास. वडील नाही म्हणाले. पैशामुळे नव्हे, अंतरामुळे. फ्रेस्नोतच कॉलेज आहे, मग मुलीनं घर कशाला सोडायचं? मी तिच्या आई-वडिलांना संध्याकाळी शाळेत बोलावलं, स्पॅनिश बोलणारी एक सहकारी सोबत घेतली. आर्थिक मदतीचं पत्र आम्ही ओळ न् ओळ वाचलं. अशा पत्रात फुकट मिळणारं अनुदान आणि फेडायचं कर्ज एकाच यादीत, मदत म्हणूनच मांडलेलं असतं. कोणता आकडा कशाचा, हे मी पेन्सिलीने वेगळं करून दाखवलं. फी पूर्ण माफ होत होती. प्रश्न राहण्या-जेवणाचा होता. पैशाचं बोलणं उरकल्यावर तिच्या आईनं तोंड उघडलं. आजारी पडली तर तिच्याकडे कोण बघणार? तिथे जेवण कसलं मिळतं? पुण्याच्या होस्टेलवर मला सोडताना तू रेक्टरबाईंना हेच विचारलं होतंस. मी त्यांना वसतिगृहाची, दवाखान्याची, तिथे असलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थिनींची माहिती दिली. आठवड्याभरानं वडिलांचा होकार आला.

सगळ्यांना असंच लांब पाठवते असं समजू नका. आजी आजारी आहे, धाकट्या भावंडांना सांभाळायचंय, अशा मुलांना मी कम्युनिटी कॉलेज सुचवते. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. दोन वर्षं तिथे करून, चांगल्या ग्रेड ठेवल्या तर पुढे मोठ्या विद्यापीठात जाता येतं. काही पालकांना ते कमीपणाचं वाटतं. मला बिलकूल वाटत नाही.

२०२३-२४ मध्ये मात्र फार ओढाताण झाली. केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा फाफ्सा नावाचा फॉर्म एरवी ऑक्टोबरात भरता येतो. त्या वर्षी तो डिसेंबर संपता संपता आला. ज्यांच्या आई-वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नव्हता, त्यांचे अर्ज कितीतरी आठवडे पुढेच सरकेनात. इथल्या विद्यापीठांनी १ मेची मुदत १५ मेपर्यंत वाढवली म्हणून निभावलं. हातात प्रवेश, पण चार वर्षांच्या खर्चाचा हिशोब काहीच नाही, अशी मुलं रोज दारात उभी असायची. त्या दिवसांत मला एकदाही आयटीची आठवण आली नाही.

शेजारच्या काकांनी नातवाच्या इथल्या कॉलेज-अर्जासाठी निबंध लिहून मागितला आहे, तो मी लिहून देणार नाही, कितीही पैसे दिले तरी. ६५० शब्दांचा तो निबंध मुलाचा स्वतःचाच हवा. खासगी सल्लागार सगळे लबाड नसतात. पण २०१९ मध्ये इथे उघडकीला आलेलं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं श्रीमंतांच्या मुलांसाठी परीक्षेत गैरप्रकार केले, खोटे खेळाडू उभे केले. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. काकांना पैशाचंही आधीच स्पष्ट सांगा. इथली केंद्र सरकारची मदत भारतातून स्टुडंट व्हिसावर येणाऱ्या मुलांना मिळत नाही, आणि परदेशी मुलाची आर्थिक गरज न बघता प्रवेश ठरवणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं आहेत. तिथे प्रवेश मिळणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. मुलाला रविवारी तुमच्या सकाळी फोन करू दे. नववीपासूनचे मार्क समोर ठेवून बसायला सांगा. मी मोकळेपणानं बोलेन, पैसे अजिबात नकोत.

तेव्हा स्वतःचं ऑफिस काढणार नाही, बाबा. या वयात पुन्हा मास्टर्स केलं, कॅलिफोर्नियाचं कौन्सेलिंगचं क्रेडेन्शिअल, म्हणजे परवाना, मिळवलं, ते याच मुलांसाठी. पगार घर चालवायला पुरतो. शिवाय शिक्षकांच्या पेन्शन योजनेत मीही आहे, हे ऐकून तरी तुम्हाला बरं वाटेल.

नोव्हेंबर संपेपर्यंत इथल्या विद्यापीठांच्या अर्जांची गडबड असते, फोन मागेपुढे झाला तर काळजी करू नका. आई, दिवाळीच्या धावपळीत गुडघ्याचा एक्स-रे पुढे ढकलू नकोस. काढलास की फोटो पाठव.

तुमची लेक