बासचे आमिष निवडताना: आधी खोली, मग रंग

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील बास मासेमारीवर प्रसिद्ध झालेला लेख आम्ही इकडे टेक्सासमध्ये गळ टाकणाऱ्या मराठी मंडळींनी आवडीने वाचला आणि एकमेकांना पाठवलाही. मराठी वृत्तपत्राने या छंदाला पान दिले याचा आनंद आहेच. मात्र नवशिक्याने विकत घ्यावयाच्या नकली आमिषांची, म्हणजे ल्युअरची, जी लांबलचक यादी लेखात आहे आणि त्यांच्या रंगांवर जो भर दिला आहे, तो वाचून एखाद्याने दुकान गाठले तर त्याचा खिसा रिकामा होईल आणि मासा मात्र पाण्यातच राहील, असे मला वाटते. रॉड (गळाची काठी), रीळ (दोरी गुंडाळण्याची चकरी) आणि दोरी यांविषयी लेखात जेमतेम दोन ओळी आहेत, आणि खरे घोडे तिथेच अडते.

लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, दबा धरून बसणारा शिकारी मासा आहे. बुडालेले झाड, पाणवनस्पतींच्या गालिच्याची कड, धक्क्याखालची सावली अशा ठिकाणी तो थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. उन्हाळ्यात पाणी तापले की यातले बरेच मोठे मासे खोल पाण्यात उतरतात. वसंतात अंडी घालण्यासाठी ते काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात. त्यामुळे आमिष निवडताना पहिला प्रश्न असा असायला हवा की, मासा ज्या खोलीवर आहे तिथपर्यंत हे आमिष पोहोचेल का, आणि तिथल्या फांद्यांत किंवा गवतात न अडकता ते फिरेल का. रंगाचा प्रश्न त्यानंतरचा. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बासच्या दृष्टीचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आढळल्या, एक लाल आणि एक हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या. लाल आणि हिरवा तो चांगला ओळखतो. परंतु गर्द निळा आणि काळा यांत, तसेच पिवळट हिरवा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते. दुकानातील भिंतीवर एकाच आमिषाच्या ज्या असंख्य रंगछटा टांगलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याचशा माशासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात, असे मी म्हणतो ते या आधारावर. गढूळ पाण्यात गडद किंवा भडक, स्वच्छ पाण्यात फिका आणि नैसर्गिक, एवढा विवेक सुरुवातीला पुरतो. याला एक अपवाद आमच्याच राज्यातला आहे. हिवाळ्याच्या अखेरीस टेक्सासच्या तलावांत हायड्रिला या पाणवनस्पतीच्या शेंड्यांवरून लाल रंगाचे, आत छर्रे वाजणारे चपटे क्रँकबेट, म्हणजे ओढले की थरथरत पोहणारे लहान माशाच्या आकाराचे कडक आमिष, ओढण्याची जुनी रीत आहे, आणि ती फळते. पण तिथेही मासा बऱ्याचदा झडप घालतो तो शेंड्यात गुंतलेले आमिष झटका देऊन सोडवण्याच्या क्षणी. श्रेय निव्वळ लाल रंगाला देऊन चालणार नाही.

आता रॉडकडे वळतो. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात: किती वजनाचे आमिष त्याने फेकावे आणि किती ताकदीची दोरी त्यावर चालेल. उदाहरणार्थ, पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण 7 ते 21 ग्रॅम, आणि 10 ते 17 पौंडांची दोरी. ही ओळ वाचल्याशिवाय आमिष विकत घेणे म्हणजे पायाचे माप न देता चपला आणणे. 3 ग्रॅमचे आमिष या रॉडने लांब जाणारच नाही, आणि 50 ग्रॅमचे फेकायला गेल्यास रॉडचे टोक मोडण्याची भीती. एकच रॉड घ्यावयाचा असेल तर साधारण सात फुटांचा, मीडियम-हेवी ताकदीचा आणि फास्ट अ‍ॅक्शनचा, म्हणजे फक्त टोकाकडे वाकणारा, घ्यावा. एका गळाच्या बहुतेक आमिषांना तो चालतो. तीन काट्यांचे बारीक गळ लावलेल्या क्रँकबेटला मात्र मधल्या भागापर्यंत वाकणारा नरम रॉड बरा, कारण कडक रॉडने झटका दिला की ते गळ माशाच्या तोंडातून फाडून बाहेर येतात.

दोरीबद्दल लेखात ‘फ्लुरोकार्बन सर्वोत्तम’ असे सरसकट म्हटले आहे, आणि त्याला माझी हरकत आहे. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते, फांद्यांच्या घासण्याला टिकते आणि बुडते. नेमके हे बुडणेच पृष्ठभागावर चालवावयाच्या आमिषाला घातक ठरते, कारण दोरी त्याचे नाक खाली ओढते. तिथे आपला नेहमीचा नायलॉनचा तंगूसच योग्य, कारण तो फार बुडत नाही आणि तो थोडा ताणलाही जातो. दाट वनस्पतींच्या थरावरून पोकळ रबरी बेडूक ओढताना 50 ते 65 पौंडांची विणलेली दोरी लागते, कारण ती ताणली जात नाही आणि माशाला पाल्यासकट बाहेर काढावे लागते. क्रँकबेटच्या बाबतीत दोरीची जाडीही महत्त्वाची आहे: तेच आमिष बारीक दोरीवर अधिक खोल जाते, जाड दोरीवर वर राहते. बऱ्याच क्रँकबेटच्या तोंडाला चोच, म्हणजे पुढे आलेली पट्टी, असते; ती जितकी लांब तितके ते खोल उतरते. आखूड चौकोनी चोचीचे तीन ते पाच फुटांत फिरते, तर लांब चोचीचे पंधरा-वीस फुटांपर्यंत जाते.

नवशिक्याला एकच आमिष सांगा म्हटले तर मी प्लास्टिकचे गांडूळ सांगेन. ओहायोतील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी 1949 च्या सुमारास असे मऊ गांडूळ घरगुती साच्यात ओतून बनवले. पुढे त्यांचा कारखाना टेक्सासमधील टायलर गावी आला. ते गळाला लावण्याची जी ‘टेक्सास रिग’ पद्धत रूढ झाली, ती इथल्या तलावांच्या गरजेतूनच. लेक फोर्क हा आमचा सुमारे 27 हजार एकरांचा जलाशय भरला तेव्हा त्यातली बरीच झाडे तशीच उभी ठेवण्यात आली, आणि अशा पाण्यात उघडा गळ दोन वेळाही धड परत येत नाही. या पद्धतीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन निमुळते टोक रॉडकडे ठेवून आधी दोरीत ओवतात आणि मग गळ बांधतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात साधारण अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढायचे, गळ त्यातून सरकवून त्याचे नेढे डोक्याशी आणायचे, मग गळ अर्धा फिरवून त्याचे टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात रुतवायचे. गळ असा झाकला की तो फांदीवरून सरकतो. गांडूळ सरळ लोंबले पाहिजे, ही मेख आहे. मध्ये पोक राहिला तर ते पाण्यात गरगर फिरते, दोरीला पीळ बसतो आणि मासा तोंड लावत नाही. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच कमजोर होते.

बेटकास्टिंग रिळाच्या, म्हणजे आमिष फेकताना ज्याची फिरकी स्वतः फिरते अशा रिळाच्या, वाटेला नवशिक्याने पहिल्या हंगामात जाऊ नये, स्थिर फिरकीचे स्पिनिंग रीळ पुरते, हे माझे मत अनेकांना पटणार नाही. ज्यांना ते हवेच आहे त्यांनी आमिष बांधल्यावर रॉडचे टोक वर धरून रिळाचे बटण दाबावे आणि बाजूची चावी अशी फिरवावी की आमिष सावकाश खाली उतरेल आणि ते जमिनीला टेकताच रिळाची फिरकी थांबेल. आमिष बदलले की ही जुळणी पुन्हा करावी लागते. वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना आमिष मंदावते, फिरकी मात्र वेगात सुटलेली असते, आणि मग दोरीचा जो गुंता होतो तो सोडवता सोडवता सकाळची उत्तम वेळ निघून जाते.

लेखात जागतिक विक्रमाचा उल्लेख आहे, म्हणून थोडे त्याविषयी. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून किंचित जास्त वजनाचा बास धरला. मित्राबरोबर वाटून घेतलेला एक रॉड आणि एकच आमिष एवढीच त्यांची सामग्री होती, असे सांगतात. या विक्रमाची बरोबरी मानाबू कुरिता यांनी 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात केली, तीही जिवंत माशाचे आमिष लावून. टेक्सासचा 18.18 पौंडांचा विक्रमी बास 1992 मध्ये लेक फोर्कमध्ये सापडला तो क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी लावलेल्या मिन्नो या जिवंत बारीक माशावर. नकली आमिषे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. पण हजार डॉलरची पेटी घेऊन पहिल्याच दिवशी तलावावर येणे ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशीच गत असते.

शिशाच्या वजनांविषयी लेख गप्प आहे. पाण्यात तुटून राहिलेली लहान शिशाची वजने लून हा पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतो आणि शिशाच्या विषबाधेने मरतो. म्हणून न्यू हॅम्पशायर राज्यात 1 औंस किंवा त्याहून कमी वजनाची शिशाची वजने आणि जिग (डोक्याशी शिसे ओतलेले गळ) गोड्या पाण्यात वापरण्यास बंदी आहे. टंगस्टन महाग पडते. परंतु ते शिशापेक्षा सुमारे पावणेदोन पट घन असल्याने तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान असतो, गवतातून सहज उतरतो, आणि तळाशी खडक आहे की चिखल हे हाताला अधिक स्पष्ट कळते. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास परत सोडावाच लागतो, त्यामुळे गळ लवकर निघावा यासाठी लांब चिमटाही पेटीत असू द्यावा.

लेखाच्या शेवटी सुचवले आहे की हीच सामग्री कोकणच्या खाडीत जिताड्यासाठी तशीच वापरता येईल. जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी-बास म्हणत असले तरी तो वेगळ्या कुळातला मासा आहे. सुट्टीत अलिबाग-रेवदंड्याकडे जाणारी इकडची काही कुटुंबे बासचे रॉड बरोबर नेतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. रॉड चालेल, परंतु जिताड्याच्या कल्ल्यावरचे झाकण धारदार असते आणि त्याचे खरखरीत तोंड दोरी घासून काढते. तेव्हा दोरीच्या टोकाला 40 ते 60 पौंडांच्या जाड तंगुसाचा दोन-तीन फुटांचा तुकडा जोडावा. बासच्या क्रँकबेटचे बारीक तीनकाटी गळ तो सरळ करतो, त्यांच्या जागी जाड तारेचे लावावेत. खाऱ्या पाण्यात वापरलेले रीळ त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलकेच धुऊन वाळवावे, नाहीतर त्याची बेअरिंग गंजतात. भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी जिताडा खाडीच्या कोणत्या वळणावर लागतो, हे मात्र टेक्सासहून मी सांगण्यात अर्थ नाही. रायगड आणि रत्नागिरीत वर्षानुवर्षे गरी टाकणाऱ्या मंडळींपैकी कोणाकडून आपण यावर लिहवून घेतलेत, तर आम्ही इकडचे वाचक तो लेख जपून ठेवू.

आपला नम्र,
एक वाचक
डॅलस, टेक्सास