हे कुणाच्या मशीनवर चालतं?

स्टुटगार्ट, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार. चि. निखिलला अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. जेवण, थंडी, ऑफिस हे फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. निखिलचे प्रश्न मात्र फोनवर दर वेळी अर्धे राहतात. आणि बाबा, दुकानाच्या वेबसाइटचे तो माणूस चाळीस हजार सांगतोय ते योग्य आहेत का, हे तुम्ही दोनदा विचारलंत. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निखिल, एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, सर्व्हर, डेटाबेस, डोमेन, होस्टिंग यांच्या व्याख्या पाठ करू नकोस. प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न लिही: हे कुणाच्या मशीनवर चालतं? पहिली तिन्ही गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर, त्याच्या ब्राउझरमध्ये चालतात. पानावर काय आहे (हळद, वजन, भाव) हे एचटीएमएल सांगतं, ते कसं दिसावं हे सीएसएस, आणि बटण दाबल्यावर काय व्हावं हे जावास्क्रिप्ट. सर्व्हर (मागितलेलं पान पाठवणारा) आणि डेटाबेस (नोंदींची वही) होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे साइटला जागा देणाऱ्याच्या, मशीनवर. डोमेन हे मशीनच नव्हे, नुसतं साइटचं नाव. आणि हो, जावा या दुसऱ्या भाषेचं आणि जावास्क्रिप्टचं नातं नावापुरतंच. १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तेव्हा जावाचा बोलबाला होता, म्हणून तिला हे नाव मिळालं.

या एका प्रश्नाने तुझे निम्मे गोंधळ सुटतील. ‘माझ्या लॅपटॉपवर पान उघडतं, मित्राच्या फोनवर नाही.’ तू त्याला १२७.०.०.१ हा पत्ता पाठवलास. त्याचा अर्थ ‘हेच मशीन’. मित्राचा फोन ते पान स्वतःच्याच पोटात शोधतो, तिथे ते कुठून असणार?

दुसरं याहून महत्त्वाचं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जे चालतं ते गिऱ्हाइकाला बदलता येतं. ब्राउझरमध्येच पानाची तपासणी करायची सोय असते. तिथे जाऊन किलोचा भाव १ रुपया करायला अर्धं मिनिट पुरतं. म्हणून ऑर्डर येताना ब्राउझरकडून फक्त मालाचा क्रमांक आणि नग घ्यायचे. भाव सर्व्हरने आपल्या डेटाबेसमधून काढायचा आणि एकूण रक्कमही तिथेच करायची. ब्राउझरमध्ये दाखवलेली बेरीज गिऱ्हाइकाच्या सोयीपुरती. नगही तपासून घे: ऋण आकडा आला तर बिल उलटं होतं.

बेरजेत दोन खड्डे आहेत. खान्यात टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून येतो, त्यामुळे १० अधिक ५ केलंस तर १०५ मिळतात. आधी त्याचा अंक करून घ्यावा लागतो. आणि ०.१ अधिक ०.२ केलंस तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. मशीन बिघडलेलं नाही. एक तृतीयांश जसा दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा एक दशांश मशीनच्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १) पुरा लिहिता येत नाही. म्हणून पैसे नेहमी पैशांतच पूर्ण अंकात ठेव: १८२ रुपये ५० पैसे म्हणजे १८२५०. दाखवताना शंभराने भाग.

आई, आता तुझी काळजी: पत्त्यात घर नंबर नाही, मग पार्सल पोचणार कसं? पोचतं. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर लिहीतच नाहीत. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि त्यानंतर गाव, संपलं. आमच्या इमारतीत बारा घरं आहेत आणि बाराही घरांचा पत्ता अक्षरशः एकच. खाली दारापाशी बारा टपालपेट्या आणि घंटीची बारा बटणं, त्यांवर फक्त आडनावं. पोस्टमन आडनाव वाचतो आणि टाकतो. कोण कितव्या मजल्यावर राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पेटीवर ते आडनाव नसेल तर माणूस वर घरात बसलेला असला तरी पत्र परत जाऊ शकतं. म्हणून इथे घर बदललं की सामान लावण्याआधी आडनावाची पट्टी लावतात. एका घरात तिघं राहत असतील तर पेटीवर तिन्ही आडनावं. कुणाकडे थोड्या दिवसांसाठी राहायचं असेल तर आपल्या नावाखाली ‘अमुक यांच्याकडे’ अशी एक ओळ टाकतात. माझी पेटी नीट आहे, पट्टी पक्की आहे. तू फक्त आडनाव मी दिलंय त्याच स्पेलिंगने लिही, ‘बेबी’ नको.

निखिल, हे तुझ्यासाठीही लिहिलंय, कारण वेबसाइटचं अगदी असंच आहे. डोमेनचं नाव टाकलं की डीएनएस ही नोंदवही त्या नावाचा आयपी क्रमांक, म्हणजे मशीनचा पत्ता, देते. पूर्वी सगळी नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वाटून दिलेली नोंदवही आखली. पण आयपी क्रमांक म्हणजे नुसती इमारत. एका सर्व्हरवर शेकडो साइट असतात. म्हणून ब्राउझर दारात पोचल्यावर पुन्हा नाव सांगतो, ‘मला या नावाचं पान हवंय’. सर्व्हरवर त्या नावाची पट्टी लावलेली नसेल तर तो आपलं ठेवणीतलं पान दाखवतो, कधी भलत्याचंच. ‘डीएनएसमध्ये क्रमांक बरोबर टाकला तरी दुसऱ्याची साइट दिसते’ यामागचं नेहमीचं कारण हेच. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं आणि न लावलेलं ही दोन वेगळी नावं आहेत. पट्ट्या दोन्हींच्या लागतात आणि ब्राउझरमध्ये सुरक्षिततेचं कुलूप दिसतं त्याच्या सर्टिफिकेटमध्येही दोन्ही नावं हवीत.

सर्व्हर बदलायचा झाला तर डीएनएसच्या नोंदीची मुदत (ती इतरांनी किती वेळ जपून ठेवायची) बघ. ती ८६,४०० सेकंद असेल तर जुना क्रमांक लोकांकडे पूर्ण एक दिवस राहतो. बदलाच्या दोन दिवस आधी मुदत ३०० करायची, मग क्रमांक बदलायचा, आणि जुना सर्व्हर आणखी दोन दिवस चालू ठेवायचा.

काही उघडलं नाही की घाबरून सगळं बदलू नकोस, कुठे अडलं ते ओळख. नावच सापडत नाही म्हणाला, तर डीएनएस. जोडणी नाकारली, तर इमारत सापडली पण त्या दारामागे कुणी ऐकत नाही. एचटीटीपीएसचं (कुलूपवाल्या जोडणीचं) दार ४४३ आणि साध्या एचटीटीपीचं ८०. ४०४ आलं म्हणजे आतल्या माणसाने उत्तर दिलं, तू मागितलेलं पान तेवढं तिथे नाही. बहुतेक वेळा फाइलच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक. तुझ्या विंडोजला तो चालतो, लिनक्सच्या सर्व्हरला चालत नाही. ५०० म्हणजे आतला कोड मोडला. तेव्हा ब्राउझरकडे टक लावून काही मिळणार नाही, सर्व्हरचा लॉग (त्याची घडामोडींची नोंद) वाच.

बाबा, डेटाबेस तुम्हाला माझ्याहून चांगला कळेल. तुमची कीर्द तारखेप्रमाणे चालते, लिहायला सोपी. पण एका गिऱ्हाइकाची उधारी काढायची तर अख्खी कीर्द चाळावी लागते, म्हणून तुम्ही खतावणी ठेवता. डेटाबेसमध्ये टेबल ही कीर्द आणि इंडेक्स ही खतावणी. क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांत दर वेळी मधलं नाव बघून निम्मी बाजूला सारली, तर वीस वेळा बघून नाव सापडतं. आणि खतावणीची किंमत तुम्हाला माहीत आहे: प्रत्येक नोंद दोनदा लिहावी लागते. निखिल दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावतोय. त्याला सांगा, ज्यावरून रोज शोधतो त्यावरच.

आता चाळीस हजार. हळदीचे प्रकार, भाव, फोन, नकाशा आणि यूपीआयचा क्यूआर एवढंच हवं असेल, तर डेटाबेसची गरजच नाही. चार-पाच तयार पानं लागतात. ती फुकट ठेवू देणाऱ्या सेवा आहेत, खर्च फक्त डोमेनच्या वार्षिक फीचा, आणि निखिल हे पंधरा दिवसांत करेल. फाइलच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) लिहायला त्याने विसरू नये, नाहीतर ‘हळद’च्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. ऑनलाइन ऑर्डर आणि साठ्याचा हिशेब हवा असेल तर मात्र ते खरं काम आहे, त्याचे पैसे मागण्यात गैर नाही. कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर घ्या, सगळा कोड ताब्यात घ्या, आणि बॅकअप एकदा उघडून दाखवायला लावा. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर असू नये.

आई, एआयमुळे माझी नोकरी जाणार असं तुला काकू सांगतात. कोड तो लिहून देतो, खरं आहे, मीही रोज वापरते. पण भाव ब्राउझरकडून घेतलाय की सर्व्हरवरून, हे कुणीतरी जाणत्याने वाचावंच लागतं. माझं कंत्राट कायमचं आहे, कृपा करून झोप मोडू नकोस. आणि मी रात्री जेवते.

साठ हजार पाठवलेत. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि निखिलची फी, दोन्ही त्यातून करा. बाबा, माझ्या सुट्टीसाठी तारीख पुढे ढकलू नका. मार्चआधी मला निघता येत नाही आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबणं मला पटत नाही. मागच्या डोळ्याच्या वेळीही मी नव्हते, ते माझ्या लक्षात आहे. निखिलने चार वेळा थेंब घालायचे, मी रोज फोन करून विचारणार. उरलेले परत पाठवायचे नाहीत.

कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा वाटला. इथे यायची त्याची तयारी आहे की मी तिकडे यावं अशी अपेक्षा आहे, एवढं आधी विचारून घ्या, मग माझा नंबर द्या. तुमचे रात्रीचे साडेदहा म्हणजे माझे सहा, त्यानंतर मी बोलू शकते. नाही म्हणत नाहीये आई, खरंच नाही.

तुमची,
बेबी